वामकुक्षीतलं प्रवचन

या, असे जवळ सरकून बसा. पाय पसरायचे असतील तर पसरा, उशी घेतलीत तरी चालेल. मध्येच डोळा लागला तर राग धरणार नाही, कारण आजची गोष्टच झोपलेल्यांची आहे. एका गावात माणसं भर दुपारी उशा काखोटीला मारून देवळात झोपायला जाऊ लागली, त्याची ही गोष्ट. त्यांना तिथे ना संताने बोलावलं, ना बिशपाने. बोलावलं ते ब्रुसेल्सच्या विजेच्या कायद्याने. आणि त्या साऱ्या गोंधळात एका बाईचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून ती सांगायची.

ती बाई म्हणजे ओरोन्त्सा. इटलीच्या टाचेत, ऑलिव्हच्या बागांमध्ये रुतून बसलेल्या पिएत्रासिक्का गावच्या देवळाची झाडलोट, किल्ल्या, मेणबत्त्या आणि घंटा हे सगळं तिच्याकडे. नवरा देवाघरी गेलेला, मुलगी उत्तरेला तोरिनोत संसारात गुंतलेली. ओरोन्त्साच्या जिभेला तिखट-गोड कळेनासं झालं होतं, पण कानाला अजून एक गोडी शिल्लक होती. ती म्हणजे फादर ब्रित्सिओंचं प्रवचन.

कारण फादर ब्रित्सिओ प्रवचन सांगत नसत, गात. आधी शास्त्रातलं एखादं वचन घ्यायचं, आपल्या घरच्या बोलीत त्याची घडी उलगडायची, मग त्यावर एक गोष्ट लावायची. आणि गोष्ट रंगात आली की म्हाताऱ्याचा आवाज कधी सुरात चढला ते त्याचं त्यालाही कळत नसे. बाजूला इप्पात्सिओ पायपेटी वाजवायचा. हा इप्पात्सिओ पूर्वी तेलाच्या घाण्यावर होता, यंत्रांच्या घरघरीत अर्धे कान घालवून बसलेला, त्यामुळे पेटी नेहमी अर्धी मात्रा मागे. फादर त्याच्यासाठी थांबायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, देवच वाटेत थांबून मागे राहिलेल्याला हाताला धरून घेतोय.

पण ऐकणारे होते कुठे? दर गुरुवारी संध्याकाळी प्रवचन, आणि समोर ओरोन्त्सा, पेटीवर इप्पात्सिओ, आणि मागच्या बाकावर दोन बहिणी, ज्या घरी नीट भांडता येत नाही म्हणून देवळात यायच्या. शेवटी बिशपांच्या कचेरीतून निरोप आला. ऑगस्टमधला मातामाऊलीचा सण झाला की बिशपांचे कारभारी मोन्सिन्योर तार्क्विनिओ स्वतः येऊन पाहतील. प्रवचनाला देऊळ रिकामंच असलं तर फादरांना शहरातल्या वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात हलवायचं आणि देऊळ फक्त सणावारी उघडायचं.

फादरांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तिथलं जेवण वेळेवर असतं म्हणे. ओरोन्त्साचं मात्र त्या दिवसापासून जेवण उडालं. तिला फादरांची काळजी होती हे खरं. पण खरं सांगायचं तर तिला स्वतःची जास्त होती. गुरुवार गेला तर आठवड्यात राहतं काय?

आता त्याच सुमाराला कायदा गावात आला. तो घेऊन आली लोरेदाना, बेकरीवाल्याची मुलगी. बारी शहरात इंजिनिअर झालेली, परत आली ती हातात कागदांची चळत आणि डोक्यात सूर्य घेऊन. तिने तेलगिरणीत सभा घेतली आणि सांगितलं, की ब्रुसेल्सने ठरवलंय, साध्या माणसांनी एकत्र येऊन आपली वीज आपण करावी आणि आपसांत वाटून घ्यावी. बड्या कंपनीला त्यात हुकूम चालवता येणार नाही. कुणालाही आत येता यावं, कुणालाही बाहेर पडता यावं, आणि हे सगळं नफ्यासाठी नाही, गावाच्या भल्यासाठी.

मग पांतालेओ खाटिकाने विचारलं, की यात फसवणार कोण आहे ते आधी सांग, म्हणजे निवांतपणे सही करतो.

लोरेदानाने समजूत घातली, सह्या झाल्या, आणि अडचणी सुरू झाल्या. उन्हाची वीज करणाऱ्या पट्ट्या देवळाच्या छतावर बसवाव्यात तर पुरातत्त्ववाले म्हणाले, छताच्या कौलांचं सौंदर्य झाकलं जाईल. ती कौलं आजवर कबुतरांखेरीज कुणी पाहिलेली नव्हती. म्हणून पट्ट्या शाळेवर आणि तेलगिरणीवर चढल्या. मग नियम निघाला की सगळे सभासद एकाच मोठ्या सबस्टेशनखाली हवेत. सबस्टेशनची हद्द नकाशावर कुणी आखली होती देव जाणे, पण ती पांतालेओच्या घरातून गेली. पुढचं दुकान अलीकडच्या सबस्टेशनवर, मागचं शीतगृह पलीकडच्या. म्हणजे पांतालेओ गल्ल्यावर बसला की सभासद, आणि मटण आणायला मागे गेला की परका. तो दाराच्या उंबऱ्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "आत्ता मी कोण आहे सांग पाहू?"

हेही गावाने पचवलं. खरी मेख पुढे होती. कायद्याचा हिशोब असा, की सभासदांनी ज्या तासात वीज केली त्याच तासात ती सभासदांनी वापरली, तरच ती वाटून घेतली असं धरायचं. अशी वाटलेली वीज जितकी, तितकी सरकारकडून बक्षिसी. आणि त्या बक्षिसीतून बंद पडलेल्या दवाखान्यात पुन्हा नर्स बसवायची, असं सभेत ठरलेलं. आता सूर्य पिएत्रासिक्कावर सर्वांत जास्त मेहेरबान केव्हा? जेवणानंतर. आणि जेवणानंतर पिएत्रासिक्का काय करतं? झोपतं.

साधंसुधं नाही झोपत. खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढल्या जातात, दुकानांची शटरं खाली येतात, कुत्रीसुद्धा सावली धरून मेल्यासारखी पडतात. त्या वेळी दार वाजवणारा एकतर चोर, नाहीतर जर्मन. पोरांना सांगतात, वामकुक्षीच्या वेळी रस्त्यावर पांढऱ्या झग्यातली बाई फिरते आणि जागं असेल त्याला उचलून नेते. त्यामुळे सूर्य छतांवर ओंजळी भरभरून वीज ओतत होता आणि खाली घेणारं कुणी नव्हतं. महिन्याअखेरीस हिशोब आला. केलेली वीज भरघोस. वाटलेली वीज, इप्पात्सिओच्या बहिणीने इस्त्री चालू ठेवून डुलकी काढली होती, तेवढी.

पुन्हा सभा. लोरेदाना म्हणाली, वामकुक्षी थोडी पुढे ढकलू. त्यावर जो गहजब झाला तो काय सांगावा. एकाने विचारलं, ब्रुसेल्सवाल्यांना दुपारी झोप येत नाही का? दुसरा म्हणाला, त्यांच्याकडे ऊन नसतं, जेवण नसतं, झोप येणार कशावर? न्हावी कोसिमिनोने तोडगा काढला, की घरोघर वॉशिंग मशीन लावून झोपावं. चार दिवस तेही करून पाहिलं. सगळ्या गावात एकाच वेळी मशीनं घुमू लागली, जुन्या फरशांवर चालत चालत दारापर्यंत येऊ लागली, आणि एका घरातलं मशीन तर उतारावरून गल्लीत निघालं. बाकीची यंत्रं घुमून घुमून थकायची, माणसं न झोपून. पाचव्या दिवशी गाव एवढं चिडचिडं झालं की देवळात येऊन भांडणाऱ्या त्या दोन बहिणी एकमेकींशी गोड बोलू लागल्या. बाहेर भांडायला ढीगभर माणसं झाली होती.

तेव्हा लोरेदाना ओरोन्त्साकडे आली. देऊळही सभासद आहे, ती म्हणाली; धर्मसंस्थेला कायद्याने मुभा आहे. भिंती जाड, दुपारी आत कुणी नाही. तिथे मोठे एसी बसवू. दुपारभर ते चालतील, वीज त्याच तासात खर्ची पडेल, आणि कुणाची झोपमोड होणार नाही.

ओरोन्त्सा म्हणाली, "पोरी, रिकाम्या देवळाला थंड करून काय करायचंय? देवाला घाम येत नाही."

"मावशी, कायदा विचारत नाही वीज कशाला वापरली. वापरली का, एवढंच विचारतो."

फादर ब्रित्सिओ हसले आणि हो म्हणाले. लोहारआळीच्या दोघांनी जुलैच्या सुरुवातीला चार उंच एसी आणून खांबांच्या आड उभे केले. सुरू झाले तेव्हा संत ओरोन्त्सोच्या मूर्तीवरची झालर हलायला लागली आणि झाडणाऱ्या ओरोन्त्साने चटकन क्रूसाची खूण केली.

त्या वर्षीचा जुलै असा होता की दगड चटके द्यायचे. पहिल्यांदा इप्पात्सिओ आला. पेटीची धूळ पुसायची आहे, म्हणाला. बगलेत उशी होती. दुसऱ्या दिवशी न्हावी कोसिमिनो आला, प्रार्थना करायची होती म्हणे, आणि प्रार्थनेला सोबत चादर. मग पांतालेओ, मग त्याची बायको, मग तिची आई आरामखुर्चीसकट. आठवडा उलटला तेव्हा ओरोन्त्सा दुपारी दार लोटून पाहते तर काय! बाकांवर, बाकांखाली, पायऱ्यांवर, संतांच्या कोनाड्यांत सारं पिएत्रासिक्का पसरलेलं. चपला दाराशी ढिगाने. पापांची कबुली ऐकायच्या कपाटात टपालवाला उभ्याउभ्या घोरतोय.

ती झाडू उचलून निघालीच होती, तेवढ्यात फादरांनी हात धरला. "असू दे. नाव वादळात सापडली तेव्हा प्रभूही उशी घेऊन झोपलाच होता की."

"तो थकला होता, फादर. हे फुकटे आहेत."

"फुकटेच येतात देवाकडे, ओरोन्त्सा. दुसरा कोण येतो?"

आणि त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून एक वचन घेतलं आणि हळू आवाजात गायला सुरुवात केली. गुरुवार नव्हता, संध्याकाळ नव्हती. इप्पात्सिओ झोपेतून उठला, पेटीपर्यंत चाचपडत गेला, आणि अर्धी मात्रा मागे राहून वाजवू लागला. पुढे रोजचंच झालं. भर दुपारी देऊळ खचाखच, एसींची गार हवा, वर फादरांचा सूर, आणि खाली घोरण्याचे सतराशे साठ प्रकार. लोरेदाना कानात येऊन सांगायची, वाटलेली वीज कुठल्या कुठे पोचली मावशी, दवाखान्यात नर्स येणार. ओरोन्त्सा मान हलवायची, पण तिला आनंद होत नसे.

कारण जागी ती एकटीच होती. एवढ्या मोठ्या देवळात ऐकणारी एकच. बाकीचे गारव्याला आले होते. उद्या मोन्सिन्योर तार्क्विनिओ येतील, पाहतील, म्हणतील, हे देऊळ आहे की धर्मशाळा? ही माणसं प्रवचनाला नाही आली, थंडाव्याला आली. एसी एखाद्या खानावळीत लावला असता तर तिथे गेली असती. आणि त्यावर तिच्याकडे काय उत्तर होतं?

सण झाला. मोन्सिन्योर आले, तेही नेमके वामकुक्षीच्या वेळी. मुद्दामच असणार, कारण दुपारी सगळी देवळं रिकामी असतात. काळा झगा, कपाळावर घाम, चेहऱ्यावर आधीच ठरलेला निर्णय. दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थबकले. त्यांनी ईस्टरलाही एवढी गर्दी कुठे पाहिली नव्हती. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे झोपलेत," ते ओरोन्त्साला म्हणाले.

खोटं बोलायची सवय नव्हती, खरं बोलायची ताकद नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बसा ना जरा. गोष्ट रंगात आलीय."

मोन्सिन्योर शेवटच्या बाकाच्या कडेला, आरामखुर्चीतल्या म्हातारीचे पाय जरा बाजूला सारून बसले. पुढे फादर ब्रित्सिओ घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट गात होते. मुलाने सगळं उधळलं, डुकरांमध्ये राहिला, आणि इकडे बाप रोज दारात उभा. दर कडव्याला ध्रुवपद यायचं: दार लावलं नाही रे बाळा, दिवा मालवला नाही. पेटी अर्धी मात्रा मागून यायची, फादर तिच्यासाठी थांबायचे. थोड्या वेळाने ओरोन्त्साने वळून पाहिलं तर मोन्सिन्योर तार्क्विनिओंची हनुवटी छातीवर टेकलेली.

आता हेही झोपले, म्हणजे संपलंच, तिला वाटलं. जागे होतील आणि लाजेने दुप्पट कडक होतील.

तेवढ्यात एसी बंद पडले.

पलीकडच्या शहरात मोठ्या सबस्टेशनवर काहीतरी बिघडलं होतं. पण ते पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढं झालं, की चारी यंत्रांची गुणगुण थांबली आणि जाड भिंतींमधून उकाडा आत उतरू लागला. लोरेदाना मागच्या दाराने धावत बाहेर गेली. ओरोन्त्साने डोळे मिटून घेतले. आता उठतील एकेक. चपला शोधतील, उशा उचलतील, शिव्या घालत निघतील. मोन्सिन्योरही घामाने उठतील आणि पाहतील, की गारवा गेला आणि देऊळ ओस पडलं.

ती वाट पाहत राहिली. कुणी उठलं नाही.

कपाळं घामाने डबडबली. पांतालेओचा सदरा पाठीला चिकटला. टपालवाल्याने झोपेतच कपाटाचा पडदा बाजूला सारला आणि पुन्हा घोरू लागला. भट्टी झाली देवळाची, पण एक माणूस हलला नाही. फादर गात होते. त्यांचाही घाम नाकाच्या शेंड्यावरून ठिबकत होता. म्हातारा माणूस, बंद देऊळ, ऑगस्टची दुपार. दार लावलं नाही रे बाळा, असं त्यांनी उचललं आणि पुढची ओळ आलीच नाही. श्वास पुरला नाही की ओळ विसरली, त्यांनाच माहीत. त्यांनी खांबाला हात टेकला. पेटी अर्धी मात्रा पुढे गेली आणि तीही थांबली.

आणि सारं पिएत्रासिक्का एकदम उठून बसलं.

घाण्याजवळ झोपणारा माणूस घाणा चालू असेतो घोरतो आणि थांबला की दचकून उठतो, तसं. बाकांवरून, पायऱ्यांवरून, कोनाड्यांतून डोकी वर आली. आरामखुर्चीतली म्हातारी उठली, कपाटातला टपालवाला उठला, आणि मोन्सिन्योर तार्क्विनिओही टोपी सावरत ताडकन उठले. कुणी घाम पुसला नाही, कुणी एसीकडे पाहिलं नाही. सगळे खांबाशी टेकलेल्या म्हाताऱ्याकडे पाहत होते.

"काय झालं?" पांतालेओने घोगऱ्या आवाजात विचारलं. "बाप दारात उभाय ना अजून?"

आणि मग, कुणी सांगितलं नाही, कुणी सूर दिला नाही, अर्धवट झोपेतल्या त्या साऱ्या माणसांनी ओळ पुरी केली. बेसूर, मागेपुढे, कुणी जांभई देता देता: दिवा मालवला नाही. रोज दुपारी झोपेत कानावर पडून पडून ती त्यांच्या आत जाऊन बसली होती, त्यांना न विचारता. फादर ब्रित्सिओंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, की घाम होता, ओरोन्त्साला लांबून कळलं नाही. तिचे स्वतःचे भरले होते.

फादरांना पाणी दिलं, खुर्ची दिली. मुलगा घरी पोचल्याशिवाय कुणीही जागचं हलेना, म्हणून उरलेली गोष्ट त्यांनी बसून पुरी केली. तोवर विजेचा पत्ता नव्हता.

नंतर मोन्सिन्योर सभामंडपात येरझारा घालत राहिले. पेच मोठा होता. ते म्हणाले, की झोपलेल्याला श्रोता म्हणावं असं कुठेच लिहिलेलं नाही. मग आणखी एक फेरी मारून म्हणाले, म्हणू नये असंही लिहिलेलं नाही.

ओरोन्त्साला तेव्हा लोरेदानाचे ‘वापरली का, एवढंच विचारतो’ हे शब्द आठवले असतील, किंवा नसतीलही. ती पुढे झाली. "साहेब, गार हवा थांबली तेव्हा कुणी उठलं नाही. गाणं थांबलं तेव्हा सगळे उठले. तुम्हीसुद्धा."

मोन्सिन्योर तार्क्विनिओंनी खाकरून घसा साफ केला. मग आपल्या कारभाऱ्याच्या आवाजात म्हणाले, की पिएत्रासिक्काचं देऊळ उघडं राहील, फादर ब्रित्सिओ इथेच राहतील, आणि प्रवचनाची वेळ दुपारची म्हणून नोंदवावी. दारापाशी गेल्यावर त्यांनी वळून हळूच विचारलं, की उद्या कुठली गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी वीज परत आली होती. फादर गायला उभे राहिले, देऊळ नेहमीसारखं भरलं, आणि ओरोन्त्सा आपल्या बाकावर बसली. जुलैपासून एकही वामकुक्षी तिने घेतली नव्हती. पहिल्या कडव्याला तिने मान डोलावली. दुसऱ्याला मान जरा जास्त डोलली. तिसऱ्याला ती बाकावर आडवी झाली आणि पांतालेओच्या बायकोने आपल्या उशीचं अर्धं टोक तिच्या डोक्याखाली सरकवलं. त्या दिवशी देवळात एकही माणूस जागा नव्हता. फादरांनी ते पाहिलं आणि आवाज आणखी थोडा मऊ केला.

तर बाबांनो, कधी भर दुपारी कुणी गात असेल, कुठे पोथी चालली असेल आणि तुमचा डोळा लागला, तर लाजू नका. फक्त झोपता झोपता पिएत्रासिक्काच्या ओरोन्त्साची आठवण ठेवा. सगळं गाव निजलं असताना, कुणीतरी ऐकलं पाहिजे म्हणून ती सगळा उन्हाळाभर एकटी जागी होती.